हर्निया: कोणतं ऑपरेशन, कुणासाठी

रत्नागिरीत सर्जनच्या ओपीडीत हर्नियाचे पेशंट हंगाम बघून येतात. 1 जूनला मासेमारीची बंदी लागली की मिरकरवाड्याचे, नाट्याचे, हर्णैचे खलाशी येतात. 31 जुलैपर्यंत बोटी किनाऱ्यावर असतात, तेवढ्यात बरं होऊन पुन्हा जाळं ओढायला उभं राहायचं असतं. आंबा संपला की पेट्या उचलणारे येतात, पावसात चिरेखाणी थंडावल्या की चिरे वाहणारे येतात. गणपतीला गावी आलेला मुलगा वडिलांना घेऊन येतो आणि बारा दिवसांत सगळं उरकून मुंबईला परतायचं आहे असं सांगतो. या सगळ्यांच्या तोंडी हल्ली एकच प्रश्न असतो: दुर्बिणीतून करणार की कापून? प्रश्न रास्त आहे, पण त्यातून फार थोडं ठरतं. ऑपरेशन कोण करतंय, भूल कोणती, जाळी कोणती आणि कुठे ठेवली, माणूस परत कोणत्या कामाला जाणार, आणि पाच वर्षांनी त्याला कुणी तपासणार आहे का, एवढं कळल्याशिवाय दोन तंत्रांची तुलना अर्धीच राहते. या सगळ्या गोष्टी हिशेबात धरल्या, तर आपल्या जिल्ह्यातल्या बहुतेक पुरुषांच्या जांघेतल्या पहिल्या हर्नियाला स्थानिक भुलीखाली नीट बसवलेली साधी जाळी हेच पहिलं उत्तर ठरतं, असं माझं मत आहे. आधीच्या ऑपरेशनच्या व्रणातून आलेल्या हर्नियाचं उत्तर मात्र वेगळं आहे, आणि दोन्हींना एकाच मापाने मोजण्याने बराच गोंधळ होतो.

जांघेत पोटाची भिंत मुळातच कच्ची असते, कारण वृषणाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आणि शुक्रवाहिनी तिथून बाहेर पडतात. या वाटेची मागची भिंत वयाने, खोकल्याने, जोर करण्याने किंवा जन्मतःच सैल असेल तर आतली चरबी आणि आतडं तिथून डोकावतं. इटलीतल्या पादुआच्या एदोआर्दो बास्सिनी यांनी 1880 च्या दशकात ही मागची भिंत थराथराने शिवून काढली आणि हर्नियावर खात्रीचा इलाज सुरू झाला. पण त्यात एकमेकांपासून लांब असलेले थर ओढून जोडावे लागतात. ताणावर बसलेला टाका हळूहळू मांस कापत जातो, आणि ज्या पडद्याच्या कमकुवतपणामुळे हर्निया झाला त्याच पडद्यावर दुरुस्तीचा भार येतो. टोरंटोच्या शोल्डिस यांनी 1940 च्या दशकात हेच काम चार थरांत, अखंड धाग्याने आणि फार काटेकोरपणे करून निकाल खूप सुधारले, पण ते हात तयार व्हायला त्यांच्या रुग्णालयासारखं फक्त हर्नियाचं काम लागतं. लॉस एंजेलिसच्या लिक्टेनस्टाइन यांनी 1989 साली सलग हजार पेशंटांचे निकाल मांडले तेव्हा वाट बदलली. त्यांनी थर ओढलेच नाहीत, कच्च्या जागेवर पॉलीप्रोपिलीनची जाळी अंथरली. शरीर त्या जाळीच्या छिद्रांतून नवा पडदा विणतं आणि ताण कुणावरच येत नाही.

ऑपरेशन टेबलावर हे फार साधं दिसतं, आणि साधं दिसतं म्हणूनच चुकतं. एक्स्टर्नल ऑब्लिक या बाहेरच्या स्नायूचा चकचकीत पांढरा पडदा धाग्यांच्या दिशेने उघडायचा, त्याखाली पसरलेली बारीक नस ओळखून जपायची, रक्तवाहिन्या आणि शुक्रवाहिनीची जुडी, म्हणजे कॉर्ड, अलगद उचलायची, हर्नियाची पिशवी मोकळी करून आत ढकलायची, मग जाळी ठेवायची. जाळीचं आतल्या बाजूचं टोक जांघेच्या हाडाच्या उंचवट्याच्या पुढे निदान दोन सेंटिमीटर जायला हवं. तिथे कमी पडलं तर हर्निया नेमका त्याच कोपऱ्यातून परत येतो. टाका हाडाच्या आवरणात घेतला तर पेशंट महिनोन् महिने दुखतं म्हणून येत राहतो. नस टाक्यात किंवा जाळीखाली अडकली तरी तेच. ताणमुक्त म्हणून जाळी अगदी सपाट ताणून बसवायचीही नसते, कारण ती पुढे आक्रसते. उभं राहिल्यावर पोट पुढे येतं तेव्हा तिला थोडी ढील लागते. हे सगळं शिकायला फार महागडी यंत्रं लागत नाहीत, शिकवणारा आणि शिकायची तयारी लागते.

दुर्बिणीच्या बाजूने जे सांगितलं जातं ते खोटं नाही. जाळी स्नायूंच्या मागून, आतल्या बाजूने बसते. वेदना कमी असतात, माणूस कामावर लवकर जातो, दीर्घकाळ दुखत राहण्याचं प्रमाणही कमी असतं. 2018 सालच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी दुर्बीण आणि लिक्टेनस्टाइन या दोन्हींना मान्यता दिली आहे. दोन्ही बाजूंना हर्निया असेल, आधी पुढून केलेलं ऑपरेशन फसलं असेल, किंवा पेशंट स्त्री असेल, तर दुर्बीण सरस आहे, हे मला पूर्ण मान्य आहे. स्त्रियांमध्ये मांडीच्या बाजूचा फीमोरल हर्निया पुढून बघताना निसटतो आणि मागून स्पष्ट दिसतो, एवढं एक कारणही पुरेसं आहे. पण त्याच सूचनांमध्ये ‘सर्जनकडे तेवढं कौशल्य असेल तर’ ही अट पुन्हा पुन्हा येते, आणि आपल्याकडे बोलताना नेमकी तीच गळते. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांत झालेली, 2004 साली प्रसिद्ध झालेली मोठी चाचणी याच मुद्द्यावर बोट ठेवते. दोन वर्षांत दुर्बिणीच्या गटात 10.1 टक्के हर्निया परत आले, उघड्या पद्धतीत 4.9 टक्के. अडीचशेहून अधिक दुर्बिणीची ऑपरेशनं केलेल्या सर्जनांच्या हातून मात्र हा फरक जवळजवळ मिटला होता. चाचणी जुनी आहे, साधनं सुधारली आहेत, हा आक्षेप बरोबर आहे. पण शिकण्याचा काळ संपलेला नाही. हात बसायला आजही 50 ते 100 ऑपरेशनं लागतात असंच धरलं जातं. मुंबई-पुण्याच्या मोठ्या केंद्रात ही संख्या काही महिन्यांत होते. तालुक्याच्या ठिकाणी अपेंडिक्स, सिझेरियन, फ्रॅक्चर आणि सर्पदंश यांच्यामधून वेळ काढणाऱ्या सर्जनला तीच संख्या गाठायला वर्षं लागतात, आणि त्या वर्षांतले पेशंट त्याच्याच गावचे असतात.

शिवाय दुर्बिणीला पूर्ण भूल लागते, आणि तिथे जिल्ह्याचं खरं दुखणं उघडं पडतं. भूलतज्ज्ञ सगळीकडे रोज उपलब्ध नसतात. मंडणगड, राजापूर, लांज्याच्या पेशंटला तारीख मिळते ती भूलतज्ज्ञाच्या वेळेवर. उघड्या ऑपरेशनसाठीही आपल्याकडे सरसकट मणक्यात भूल दिली जाते, आणि ती सवय मला पटत नाही. प्रोस्टेट वाढलेल्या म्हाताऱ्याला मणक्यातल्या भुलीनंतर लघवी अडते, कॅथेटर घालावा लागतो, रक्तदाब खाली येतो, कधी डोकेदुखी मागे लागते. लिग्नोकेन आणि ब्युपिव्हाकेन ही जागा बधिर करणारी औषधं जांघेच्या दोन-तीन थरांत योग्य जागी टोचली, तर माणूस जागा राहून आपल्याशी बोलत असताना सगळं ऑपरेशन होतं. जाळी बसवल्यावर त्याला खोकायला सांगता येतं आणि दुरुस्ती धरते की नाही हे डोळ्यांसमोर दिसतं. पूर्ण भुलीत ही सोय नाही. ‘पेशंट घाबरतात’ असं सहकारी सांगतात. घाबरतात हे खरं, पण जागेपणी काय होणार हे आधी शांतपणे सांगितलं आणि पहिली सुई हळू दिली, तर बहुतेकांची भीती पहिल्या दहा मिनिटांत जाते. टोरंटो आणि लॉस एंजेलिसची दोन्ही नावाजलेली केंद्रं स्थानिक भुलीवरच उभी राहिली. वेळ थोडा जास्त जातो आणि हात हलका ठेवावा लागतो, हीच खरी अडचण आहे.

आता जाळीच्या किमतीकडे येतो. या बाबतीत जगाला धडा दिला तो आपल्याच राज्यातल्या एका छोट्या गावाने. धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईच्याचे डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर हे ग्रामीण सर्जन. बाजारात मिळणारी आयात जाळी शेतमजुराला परवडत नाही म्हणून सर्जन पुन्हा बास्सिनीच्या ताणाच्या टाक्यांकडे वळत होते. टोणगावकरांनी मच्छरदाणीचं कापड घेतलं, त्याची घडण जाळीशी जुळते का हे तपासलं, निर्जंतुक केलं आणि वापरलं. इतर ठिकाणच्या सर्जनांना बरोबर घेऊन त्यांनी 2003 साली ‘इंडियन जर्नल ऑफ सर्जरी’त बहुकेंद्री अनुभव मांडला. तेव्हा अनेकांनी नाकं मुरडली. पुढे आफ्रिकेत हीच कल्पना मोठ्या प्रमाणावर वापरली गेली, आणि स्वीडिश व युगांडाच्या सर्जनांनी पूर्व युगांडात तिची रीतसर चाचणी घेतली. 302 पुरुषांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं दोन गटांत वाटलं. वर्षभरानंतर मच्छरदाणीच्या गटात एकाचा हर्निया परत आला, कंपनीच्या जाळीच्या गटात एकाचाही नाही; गुंतागुंतीचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखं. एक जाळी साधारण 1 डॉलरची, दुसरी साधारण 125 डॉलरची. 2016 साली हे ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आलं. दोंडाईच्यात सुरू झालेलं काम जगातल्या सर्वांत कडक तपासणीतून उतरलं, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

यावरचे आक्षेप मी गंभीरपणे घेतो. एक वर्ष हा छोटा काळ आहे. जाळीतला जंतुसंसर्ग कधी कधी वर्षानुवर्षांनी डोकं काढतो. मच्छरदाणीचं कापड सगळं एकसारखं नसतं. कुठे पॉलीइथिलीन, कुठे पॉलिस्टर, कुठे डासनाशक लावलेलं, आणि बाजारातलं कुठलंही कापड उचलून पोटात घालणं हा गुन्हाच मानायला हवा. पॉलीइथिलीन जास्त उष्णता सोसत नाही. 134 अंशांच्या चक्रात ते आक्रसतं, 121 अंशांचं चक्र वापरावं लागतं, आणि ही काळजी प्रत्येक ऑटोक्लेव्हवर घेतली जाईलच असं गृहीत धरता येत नाही. शिवाय आज भारतीय बनावटीची प्रमाणित पॉलीप्रोपिलीन जाळी पूर्वीपेक्षा बरीच स्वस्त मिळते. म्हणून रत्नागिरीत आज मच्छरदाणी वापरा असं मी म्हणत नाही. त्या चाचणीतून मी वेगळीच गोष्ट घेतो: साध्या जाळीत आणि महागड्या जाळीत पहिल्या जांघेच्या हर्नियापुरता तरी मोठा फरक पडत नाही. मग हलकी, विरघळणारी, चिकटणारी, त्रिमितीय अशा विशेषणांच्या जाळ्या पेशंटच्या बिलात घालायला सर्जनकडे ठोस कारण असलं पाहिजे. आणि त्याच युगांडात वर्षानंतर 95 टक्क्यांहून अधिक लोकांना शोधून तपासलं गेलं, ही गोष्ट मला जाळीच्या किमतीइतकीच महत्त्वाची वाटते.

जाळीच नको म्हणणाऱ्यांचं म्हणणंही याच राज्यातून सर्वांत नेटाने मांडलं गेलं. पुण्याचे डॉ. मोहन देसर्डा यांनी 2001 साली आपली पद्धत प्रसिद्ध केली आणि 2006 साली ‘हर्निया’ या नियतकालिकात 860 पेशंटांचा अनुभव मांडला. एक्स्टर्नल ऑब्लिकच्या पडद्याची एक पट्टी कापायची, पण तिचे दोन्ही टोकांचे मूळ जोड तसेच ठेवायचे, आणि ती मागच्या भिंतीवर बसवायची. पट्टी जिवंत राहते आणि वरच्या स्नायूच्या हालचालीबरोबर ताठ होते, असा त्यामागचा विचार आहे. पोलंडमध्ये 208 पेशंटांवर झालेल्या तुलनेत तीन वर्षांनी देसर्डा आणि लिक्टेनस्टाइन दोन्ही गटांत पुनरावृत्ती 1.9 टक्के, म्हणजे सारखीच निघाली. पेशंटला जाळीची भीती असेल, तरुण असेल, किंवा आतडं अडकून जखम दूषित झाली असेल आणि जाळी घालणं धोक्याचं असेल, तिथे हे तंत्र हाताशी असणं मोलाचं आहे. पण चाचण्या अजून थोड्या आणि लहान आहेत, आणि पडदा पातळ, विरळ झालेल्या म्हाताऱ्यात पट्टी घ्यायची तरी कुठून हा प्रश्न राहतोच. हर्निया झालेल्या माणसाचा पडदाच दुबळा असतो, मग त्याच पडद्यावर भरवसा कसा ठेवायचा, ही शंका मला अजून सोडत नाही. म्हणून मी ते मुख्य तंत्र धरत नाही, पण आपल्या तरुण सर्जनांना ते आलंच पाहिजे.

इथवरचा सगळा विचार जांघेतल्या हर्नियाचा होता. बेंबीच्या आणि जुन्या व्रणातल्या हर्नियाकडे वळलं की साधेपणाचा आग्रह अंगावर उलटतो. सिझेरियन, गर्भाशय काढण्याचं ऑपरेशन, फुटलेलं अल्सर, आतड्याचा टीबी, अशा कुठल्याही कारणाने पोट उघडलं गेलेलं असतं, आणि दोन-चार वर्षांनी बाई उठताना पोटाच्या मध्यरेषेवर गोळा दिसायला लागतो. इथे ‘छोटाच आहे, चार टाके घालू’ हा मोह फार असतो, कारण स्वस्त पडतं आणि पेशंटलाही तेच हवं असतं. नेदरलँड्समधली 2000 सालची चाचणी याबाबत निर्णायक आहे. सहा सेंटिमीटरपर्यंतच्याच हर्नियांमध्ये तीन वर्षांनी नुसत्या टाक्यांत 43 टक्के पुन्हा आले, जाळीत 24 टक्के. दहा वर्षांनी तेच आकडे 63 आणि 32 झाले. बेंबीच्या एक ते चार सेंटिमीटरच्या हर्नियावरही 2018 सालच्या चाचणीत दोन वर्षांनी जाळीत 4 टक्के आणि टाक्यांत 12 टक्के पुनरावृत्ती निघाली. म्हणजे इथे जाळी वाचवण्यात पेशंटचा पैसा वाचत नाही, दुसऱ्या ऑपरेशनचा खर्च फक्त पुढे ढकलला जातो.

आणि इथे जाळी कुठे ठेवली याला फार महत्त्व आहे. स्नायूंच्या वर, कातडीखाली ठेवली तर सोपं, पण पाणी साचतं आणि संसर्गाला जवळ पडते. पोटाच्या आत आतड्याला लागून ठेवली तर दुर्बिणीने पटकन होतं, पण लेप दिलेली महाग जाळी लागते, आणि पुढे कधी त्याच पोटात शिरावं लागलं तर आतडं जाळीला चिकटलेलं सापडतं. स्नायूंच्या मागे आणि पोटाच्या अस्तराच्या पुढे, फ्रान्सच्या रीव्हस आणि स्टोपा यांनी दाखवलेल्या जागी ठेवली तर साधी जाळी चालते, तिला दोन्हीकडून रक्तपुरवठ्याचा थर मिळतो आणि पोटातला दाबच तिला जागेवर दाबून धरतो. मला हीच जागा सर्वांत योग्य वाटते. गेल्या दशकात हीच जागा दुर्बिणीतून गाठण्याच्या पद्धती आल्या, आणि फार मोठ्या हर्नियासाठी बाजूचे स्नायू सुटे करण्याच्या पद्धतीही आहेत. त्या मात्र ज्यांच्याकडे हे काम सतत होतं त्यांच्याकडेच व्हाव्यात. आंबा घाट उतरून-चढून कोल्हापूरला जायला पेशंट कुरकुरतो, खर्च होतो, नातेवाइकांची मजुरी बुडते; तरी वीतभर रुंद फाटलेलं पोट इथे वर्षाकाठी एखाद्या वेळी करणाऱ्या हातात देण्यापेक्षा तो प्रवास परवडतो. जवळच्या पेशंटला ‘तुम्ही पुढे जा’ सांगणं कमीपणाचं मानलं जातं, ते तसं मानू नये.

व्रणाच्या हर्नियाची खरी तुलना मात्र पहिलं पोट शिवताना सुरू होते, आणि याबद्दल सर्वांत कमी बोललं जातं. 560 पेशंटांवरची, 2015 साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेली डच चाचणी सांगते की कडेपासून आणि एकमेकांपासून पाच-पाच मिलिमीटरवर, फक्त पडद्यातून घेतलेल्या बारीक टाक्यांनी वर्षभरात 13 टक्क्यांना हर्निया झाला, आणि सेंटिमीटरभर अंतरावरच्या जाड टाक्यांनी 21 टक्क्यांना. धागा जखमेच्या लांबीच्या निदान चौपट लागला पाहिजे. पंधरा सेंटिमीटरची जखम असेल तर साठ सेंटिमीटर धागा आत गेला का, हे उरलेला तुकडा मोजून सिस्टरसुद्धा सांगू शकते. रात्री दोन वाजता फुटलेलं आतडं शिवून दमलेला सर्जन पोट बंद करताना घाई करतो हे मी समजू शकतो, पण बारीक टाक्यांना जास्तीची फार तर चार-पाच मिनिटं लागतात.

काहींना तर ऑपरेशन लगेच लागतही नाही. त्रास नसलेला किंवा थोडा त्रास असलेला जांघेतला हर्निया घेऊन थांबलेल्या अमेरिकन पुरुषांच्या 2006 सालच्या अभ्यासात आतडं अडकण्याचं प्रमाण दर हजार माणसांमागे वर्षाला 1.8 एवढंच निघालं. पुढे बहुतेकांनी दुखतं म्हणून ऑपरेशन करून घेतलं, पण घाई नव्हती. हा निष्कर्ष आपल्याकडे तसाच आणायला मी कचरतो. तिथे अडकल्यावर पेशंट थोड्या वेळात थिएटरात असतो. इथे पावसाळ्यात दरड कोसळून रस्ता बंद असेल, किंवा खलाशी चार दिवस समुद्रात असेल, तर काळं पडलेलं आतडं घेऊनच तो पोचतो. म्हणून खोल समुद्रात जाणाऱ्याला मी थांबायला सांगत नाही, आणि फीमोरल हर्निया असलेल्या बाईला तर कधीच नाही. घराजवळ राहणाऱ्या, हृदयविकार असलेल्या ऐंशीच्या आजोबांना मात्र थांबा म्हणतो, आणि गोळा टणक झाला, आत जाईना, उलट्या सुरू झाल्या तर तासाभरात निघायचं हे घरच्यांना दोनदा समजावतो.

मी उद्धृत केलेले आकडे डच, पोलिश, अमेरिकन आणि युगांडाचे आहेत, रत्नागिरीचे नाहीत. स्वीडनने 1992 पासून आणि डेन्मार्कने 1998 पासून आपल्या हर्नियांची राष्ट्रीय नोंद ठेवली आहे, म्हणून तिथे कुठलं तंत्र कुणाच्या हातात टिकतं हे सांगता येतं. आपल्याकडे पेशंट परत आला नाही की तो बरा झाला असं धरलं जातं. आंब्याच्या बागेतला नेपाळी कामगार हंगाम संपल्यावर गावी जातो, चाकरमानी मुंबईत दुसऱ्याच डॉक्टरकडे जातो, आणि ऑपरेशन फसलेलं असेल तर तो आपल्याकडे तर मुळीच येत नाही. नोंद ठेवायला वेळ कुणाला, हा आक्षेप मी रोज ऐकतो. पण आता रत्नागिरीला 2023 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, डेरवणला वालावलकर रुग्णालयाचं महाविद्यालय आहे. शिकणारी मुलं आहेत आणि प्रत्येक पेशंटच्या घरी निदान एक फोन आहे. ऑपरेशनच्या दिवशी एका पानावर हर्नियाची बाजू आणि आकार, भूल, जाळी, सर्जनचा अनुभव आणि पेशंटचं काम लिहायचं. मग एका वर्षाने आणि पाच वर्षांनी फोन करून विचारायचं: गोळा पुन्हा दिसतो का, दुखतं का, दुखण्यामुळे काम सोडावं लागलं का. ज्याचं उत्तर ‘हो’ येईल त्याला तपासायला बोलवायचं, आणि ज्या सर्जनने त्याचं ऑपरेशन केलं त्यालाही कळवायचं.